ऑरगॅनिकमध्ये पाठ काय करायचं?

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवणारे आम्ही बहुतेक सगळे पहिल्या तासाला एक वाक्य हमखास बोलतो: हा पाठांतराचा विषय नाही, समजून घ्यायचा विषय आहे. समोरची मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन पाठ करायला बसतात. या वर्गात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की यात मुलांपेक्षा त्या वाक्याचंच जास्त चुकतं. ऑरगॅनिकमध्ये पाठांतर लागतं, आणि चांगलं दणदणीत लागतं. अडचण इतकीच की जे पाठ असायला हवं ते कोणी पाठ करत नाही आणि ज्याची गरज नाही त्याने वह्याच्या वह्या भरतात. पाढे येत नसताना उदाहरणसंग्रहातली गणितं उत्तरांसकट पाठ केली तर जे होईल, तेच इथे होतं. पहिली सेमिस्टर निभावते, दुसरीही कशीबशी निघते, आणि दुसऱ्या वर्षी कार्बोनिल संयुगं सुरू झाली की सगळं एकदम कोसळतं.

मुलं आमच्याकडे येतात ती बारावीचं ओझं घेऊन. बारावीच्या पुस्तकात हॅलोजनची संयुगं, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, आल्डिहाइड-कीटोन, अमाइन अशी प्रकरणं ओळीने येतात आणि प्रत्येक प्रकरणाबरोबर नेम रिअॅक्शन्सची एक माळ येते: वुर्ट्झ, विल्यमसन, फिंकेलस्टाइन, रायमर-टीमन, रोझेनमुंड, कॅनिझारो, गॅब्रिएल. ही नावं मुलांना आरतीसारखी येतात. शिवाय यातली पुष्कळ मुलं नीट किंवा सीईटीची तयारी करून आलेली असतात. त्या परीक्षांमध्ये चार पर्यायांतून अंतिम पदार्थ ओळखायचा असतो, तिथे पोहोचायची वाट कोणी विचारत नाही. अभिक्रियेतला एकही रेणू स्वतःच्या हाताने न काढता त्या परीक्षेत उत्तम गुण मिळवता येतात. म्हणून होतं काय, की शंभर अभिक्रिया ओळखणाऱ्या मुलाला कोरा कागद देऊन 'ब्रोमाइडची जागा हायड्रॉक्साइडने घेतली, ती कशी, ते बाण काढून दाखव' म्हटलं की पेन्सिल जागच्या जागी थांबते. अभिक्रिया ठाऊक आहे, पण तिच्यात काय घडतं ते ठाऊक नाही. यात मुलाच्या बुद्धीचा काही संबंध नाही. त्याला दोन वर्षं जे विचारलं गेलं त्याचीच तयारी त्याने केली आहे.

मग पाठ काय करायचं? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे पीकेएची, म्हणजे आम्लाच्या ताकदीच्या आकड्याची, उतरंड (आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र). दहा-बारा आकडे, जास्त नाहीत. हायड्रोजन क्लोराइड उणे ७ च्या आसपास, हायड्रोनियम उणे १.७, कार्बॉक्सिलिक आम्लं ४ ते ५, कार्बोनिक आम्ल ६.४, अमोनियम ९.२, फिनॉल १०, पाणी आणि अल्कोहोल १६ च्या जवळपास, कीटोनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन २० च्या आसपास, टोकाचा अल्काइन २५, अमोनिया ३८, आणि साधा अल्केन ५० च्या घरात. हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी यावेत. त्यांच्यातलं अंतर म्हणजे दहाचे घात, हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तकातली निम्मी विधानं पाठ करण्याची गरज उरत नाही. अल्काइनवरचा हायड्रोजन काढायला सोडामाइड लागतं, सोडियम हायड्रॉक्साइड चालत नाही, हे मुलं सुटं वाक्य म्हणून लक्षात ठेवतात. उतरंड येत असेल तर ते वाक्य आपोआप निघतं: ३८ वाल्याचा बेस २५ वाल्याचा प्रोटॉन सहज घेईल, १६ वाल्याचा घेणार नाही. ग्रिन्यार अभिकर्मकाचं तर हे नेहमीचंच. ज्या कीटोनच्या बेंझीन वलयावर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गटही आहे, त्यात एकच मोल मिथिल मॅग्नेशियम ब्रोमाइड घातलं तर काय मिळेल, असं विचारलं की वर्गातल्या बहुतेक वह्यांत तृतीयक अल्कोहोल उमटतो, कारण 'ग्रिन्यार अधिक कीटोन' हे पाठ आहे. प्रत्यक्षात मिथेन वायू निघून जातो आणि कीटोन जसाच्या तसा राहतो. एकीकडे १०, दुसरीकडे ५०. प्रोटॉनच्या या देवाणघेवाणीपुढे कार्बोनिलची पाळी येतच नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला अनोळखी सेंद्रिय पदार्थ ओळखायला देतात. त्यात बेंझॉइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल ही ठरलेली जोडी. शुद्ध असतील तर दोन्ही पांढरे, दोघांचा द्रवणांक १२२ अंशांच्या आसपास, त्यामुळे थीले नळीत केशनलिका बांधून कितीही डोळे ताणले तरी फरक कळत नाही. फरक कळतो तो वॉच ग्लासवर. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात चिमूटभर पावडर टाकली की बेंझॉइक आम्लाच्या कणांभोवती बारीक बुडबुड्यांची कड उठते आणि कण गोल गोल फिरत विरघळू लागतात. बीटा-नॅफ्थॉल नुसतं तळाशी बसून राहतं. तेच सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकलं तर विरघळतं, आणि वरून हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की पुन्हा पांढरा साका धरतो. जर्नलमध्ये मुलं यावर 'आम्ल असल्यास बुडबुडे, फिनॉल असल्यास नाहीत' एवढं लिहितात आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. पण कारण उतरंडीत आहे. बेंझॉइक आम्ल ४.२, कार्बोनिक ६.४, म्हणजे तोल सुमारे दीडशेपट पुढच्या बाजूला, बीटा-नॅफ्थॉल ९.५, म्हणजे तोल हजारपटीहून जास्त उलट. ज्याला हे ठाऊक आहे त्याला पिक्रिक आम्लाबद्दल विचारून बघावं. रचनेने ते फिनॉलच, पण तीन नायट्रो गटांमुळे पीकेए ०.४, म्हणून बायकार्बोनेटमधून ते कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतं. नियम पाठ केलेला मुलगा 'फिनॉल म्हणजे बुडबुडे नाहीत' म्हणून मोकळा होतो. त्याचं उत्तर चुकतं आणि का चुकलं तेही त्याला कळत नाही. माझा खरा आक्षेप या दुसऱ्या भागाला आहे.

दुसरी पाठ असायची गोष्ट म्हणजे चित्र. इथे पाठ म्हणजे हाताला पाठ, डोळ्याला पाठ. नागमोडी रेघांनी काढलेल्या रेणूत प्रत्येक कोपरा म्हणजे कार्बन, आणि त्याचे चार बंध पुरे होतील इतके हायड्रोजन तिथे न लिहिताही आहेत, हे वाचून सगळ्यांना कळतं. पण एलिमिनेशन लिहायची वेळ आली की बेसने कोणता हायड्रोजन उचलायचा तेच सापडत नाही, कारण तो कागदावर नाही. कार्बोकॅटायन शेजारचा हायड्राइड ओढून घेऊन जास्त स्थिर होतो, तो हायड्राइडही कागदावर नसतो. ऑक्सिजनवरच्या एकट्या इलेक्ट्रॉन जोड्या नसतात. जे कागदावर नाही ते मुलाच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि मग अल्कोहोल प्रोटॉन घेतो तो कुठून कुठे घेतो ते गूढ राहतं. पाच बंधांचा कार्बन दर वर्षी उत्तरपत्रिकांत भेटतो तो याच वाटेने. नव्या बंधाचा बाण येतो, जुना बंध सोडणारा बाण काढायचा राहतो आणि मोजायची सवय नसल्याने कार्बनवर गर्दी होते. बाणांचंही तसंच. वाकडा बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून सुरू होऊन ती जिथे जाते तिथे संपतो, हा संकेत एका वाक्याचा आहे. तरी दर वर्षी निम्मा वर्ग दुहेरी बंधाकडे एच-प्लसपासून बाण काढतो. याला आम्हा शिक्षकांची भाषा थोडीफार कारणीभूत आहे. फळ्याशी उभं राहून 'एच-प्लस अटॅक करतो' असं आम्हीच म्हणतो, आणि जो अटॅक करतो त्याच्यापासून बाण निघावा हे मुलाचं तर्कशास्त्र चूक कसं म्हणायचं?

हे सगळं हाताने केल्याशिवाय येत नाही. व्हिडिओ बघून तर मुळीच येत नाही, कारण दुसऱ्याने काढलेला बाण प्रत्येकाला पटतो. पुस्तक मिटून, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन, कोऱ्या कागदावर पहिल्या रेणूपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक टप्पा काढायचा, प्रत्येक टप्प्याला विद्युतभार मोजायचा, अडलं तर पुस्तक उघडून फक्त अडलेला टप्पा बघायचा आणि पुन्हा सुरुवातीपासून काढायचा. कंटाळवाणं काम आहे. पण चुका सापडण्याची एकमेव जागा हीच. उदाहरणार्थ, तीव्र सल्फ्युरिक आम्लात एस्टर बनवायची क्रियाविधी. मिथेनॉलऐवजी मेथॉक्साइड आयन हल्ला करताना आणि हायड्रॉक्साइड आयन बाहेर पडताना दाखवणाऱ्या उत्तरपत्रिका ढिगाने असतात. बाण दिशेला बरोबर, बंध बरोबर, पदार्थही बरोबर. फक्त इतक्या आम्लात मेथॉक्साइड क्षणभरही शिल्लक राहणार नाही, याचा विचार नाही. चित्र आणि उतरंड एकत्र वापरल्याशिवाय ही चूक दिसतच नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, रसायनशास्त्र मुळात असं घडलंच नाही. विल्यमसन १८५० चा, कॅनिझारो १८५३ चा, वुर्ट्झ १८५५ चा. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ चा आणि रॉबिन्सनचे वाकडे बाण १९२२ चे. म्हणजे पाऊणशे वर्षं माणसं अभिक्रियांच्या याद्या करत होती आणि त्यातूनच सिद्धान्त निघाला; मग विद्यार्थ्याने आधी याद्या केल्या तर काय बिघडलं? याद्या करणाऱ्यांनी त्या स्वतःच्या भांड्यात करून पाहिल्या होत्या, हे याला माझं अर्धं उत्तर. त्यांच्यापाशी वास, रंग, वाया गेलेले आठवडे आणि न जमलेले प्रयोग होते. आमच्या मुलाजवळ फक्त बाणाच्या डोक्यावर लिहिलेला अभिकर्मक असतो. उरलेलं अर्धं उत्तर असं, की यादी हाताशी असूनही माणूस कुठे अडतो ते इतिहासात दिसतंच. ज्या कोल्बेचं नाव आमची मुलं सॅलिसिलिक आम्लाच्या अभिक्रियेबरोबर पाठ करतात, त्याच कोल्बेने १८७७ मध्ये तरुण व्हान्ट हॉफची जाहीर टर उडवली होती, कारण कार्बनचे बंध चार दिशांना चतुष्फलकासारखे पसरलेले असतात ही कल्पना त्याला निव्वळ कल्पनाविलास वाटली. कोल्बेइतक्या अभिक्रिया त्या काळात फार थोड्यांना ठाऊक होत्या. पण अवकाशातला रेणू डोळ्यांसमोर आणायला तो तयार नव्हता. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफला मिळालं, तेही या कामासाठी नव्हे, दुसऱ्याच कामासाठी. ते एक असो.

मात्र या आक्षेपातला एक भाग मान्यच करायला हवा. बाणांनी सगळं भाकीत होत नाही. एचबीआर दुहेरी बंधाला कसा जोडला जातो याचा मार्कोव्हनिकोव्हचा नियम १८७० च्या सुमारासचा, पण अॅलिल ब्रोमाइडवर हा प्रयोग केला की कधी एक पदार्थ मिळे, कधी दुसरा, आणि पुढची साठ वर्षं त्याचा उलगडा नव्हता. १९३३ मध्ये खराश आणि मेयो यांनी दाखवलं की खोड पेरॉक्साइडच्या अंशात आहे: तो नसेल तर अभिक्रिया सावकाश चालते आणि १,२-डायब्रोमोप्रोपेन मिळतं, तो असेल तर वेगाने चालते आणि १,३ मिळतं. कितीही हुशार विद्यार्थी कागदावर बाण काढत बसला असता तरी बाटलीत हवेने तयार झालेलं पेरॉक्साइड त्याला दिसलं नसतं. तेव्हा काही गोष्टी घटना म्हणूनच लक्षात ठेवाव्या लागतात. सोडियम बोरोहायड्राइड कीटोनला पुरतं, एस्टरला सहसा पुरत नाही आणि लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड दोघांनाही पुरतं. हे आधी लक्षात ठेवायचं आणि मग त्याचं कारण शोधायचं. अशी यादी मला नको असं नाही, ती छोटी हवी. छोटी यादी ठेवायची तर कोणती गोष्ट यादीत हवी आणि कोणती उतरंडीतून निघते हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं म्हणजेच अर्धा अभ्यास.

दुसरा आक्षेप मुलांचा, आणि तो सरळ व्यवहाराचा आहे: पेपरात येतं तेच करणार ना सर? मागच्या पाच वर्षांचे पेपर काढा, 'टीप लिहा: रायमर-टीमन अभिक्रिया' दिसेलच. याला खोटं उत्तर देऊ नये. पहिल्या वर्षाचा पेपर पाठांतरावर सुटतो, झेरॉक्स नोट्सवर सुटतो, आणि ज्याला फक्त एटीकेटी टाळायची आहे त्याचा हिशेब बरोबरच आहे. पण ज्याला रसायनशास्त्रच मुख्य विषय म्हणून पुढे न्यायचा आहे त्याचा तोटा दुसऱ्या वर्षी होतो. आल्डॉल, क्लेझन, पर्किन, नोव्हेनागेल ही त्याला चार वेगळी प्रकरणं वाटतात आणि प्रत्येकाचं वेगळं पाठांतर सुरू होतं. उतरंड आणि बाण येणाऱ्याला ती एकाच गोष्टीची चार रूपं दिसतात: कार्बोनिलच्या शेजारचा प्रोटॉन जातो, तिथे आलेली इलेक्ट्रॉन जोडी दुसऱ्या कार्बोनिलवर जाते, मग पुढे काय निघून जायला तयार आहे तेवढं बघायचं. पाठांतराचं ओझं वाढत जातं की कमी होत जातं, हे पहिल्या वर्षातच ठरून गेलेलं असतं.

तिसरा आक्षेप मला जास्त विचारात पाडतो. सहकारी म्हणतात, तालुक्याच्या कॉलेजात दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीला बसलेल्या मुलाजवळ एकच भांडवल असतं, ते म्हणजे मेहनतीने पाठ करण्याची ताकद. तीच काढून घेतली तर त्याच्या हातात काय राहणार? काढून घ्या असं मी म्हणतच नाही. दहा-बारा आकडे, वीसेक गटांची चित्रं आणि अभिकर्मकांची छोटी यादी हे पाठांतरच आहे आणि ते याच मुलांना उत्तम जमतं. उलट मी तर म्हणेन की या विषयात माध्यमाची अडचण इतर विषयांपेक्षा कमी आहे. बाण इंग्रजीत नसतो. ज्या मुलाला चार ओळींची टीप इंग्रजीत लिहिताना घाम फुटतो तो पूर्ण क्रियाविधी एकही वाक्य न लिहिता चित्रात मांडू शकतो, आणि परीक्षकाला ती तितकीच स्पष्ट कळते. टीपा विचारत राहिल्याने नुकसान होतं ते याच मुलाचं.

नोकरीचा आक्षेप थोडक्यात उरकतो. तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे परशुरामच्या कारखान्यांत लागणाऱ्या पदवीधरांना बाण कोण काढायला लावतं, सगळं एसओपीप्रमाणे तर चालतं, असं म्हणतात. नेहमीच्या दिवसाला ते खरं आहे. पण एचपीएलसीवर एखाद्या औषधाचा पीक पसरायला लागला की मोबाइल फेजच्या बफरचा पीएच त्या पदार्थाच्या पीकेएच्या फार जवळ तर नाही ना, हे बघावं लागतं. तो विचार एसओपी करून देत नाही, आणि त्याची सुरुवात त्या वॉच ग्लासवरच्या बुडबुड्यांपाशी होते.

राहिला प्रश्न वेळेचा. पहिल्या वर्षाला ऑरगॅनिकच्या वाट्याला मोजके तास येतात आणि त्यात संकरण, रेझोनन्स, त्रिमितीय रसायन, अल्केन, अल्कीन असं सगळं बसवायचं असतं. पीकेए आणि बाणांना तीन-चार आठवडे दिले तर कशाला तरी कात्री लागणारच. मी कात्री लावेन ती अल्केन बनवण्याच्या पद्धतींना. वुर्ट्झ अभिक्रिया पहिल्या वर्षी वर्गात झाली नाही तर कुणाचं काही अडत नाही, बारावीत ती झालेलीच असते. आणि पेपरात प्रत्येक विभागात एक तरी प्रश्न पुस्तकात नसलेल्या रेणूवर विचारेन, गुण अंतिम पदार्थाला कमी आणि टप्प्यांना जास्त. पहिल्या वर्षी 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणून तक्रार येईल, निकाल खाली जाईल, विभागप्रमुखांना उत्तर द्यावं लागेल. दोन-तीन वर्षांत ते रेणूही गाइडमध्ये छापून येतील. मग दुसरे घ्यावे लागतील.